वळचणीचं पाणी आढ्याला

इंग्लंडात गवताच्या छपराखाली राहायचं तर माणूस खाऊनपिऊन सुखी असून भागत नाही, चांगला पैसेवाला असावा लागतो. गरिबाला ते छप्पर परवडत नाही. गरीब बिचारा स्लेटच्या नाहीतर सिमेंटच्या कौलांखाली राहतो. त्याच्या घराचा विमा मुकाट्याने उतरतो आणि त्याच्या दारात फोटो काढायला कोणी मोटार थांबवत नाही. गवती छपराच्या मालकाला मात्र विमेवाला दहा प्रश्न जास्त विचारतो, शाकारणारा कारागीर 'पुढच्या वर्षी बघू' म्हणतो, आणि एवढं सोसून त्या छपरावर पहिला हक्क निघतो वटवाघळांचा. तरी अशी घरं विकायला निघाली की लोक धावत जातात. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही असं आपल्याकडे म्हणतात. तिथे ते गेलं आहे.

मुळात हे छप्पर नाइलाजाचं. गहू झोडला की काड उरायचं, दलदलीत बोरू माजायचा. दोन्ही हाताशी, म्हणून दोन्ही डोक्यावर. एकोणिसाव्या शतकात कालवे आणि आगगाड्या झाल्या, वेल्समधली स्लेट गावोगाव पोचू लागली, आणि ज्याला जमलं त्याने गवत उतरवलं. उरलं ते न जमलेल्यांच्या डोक्यावर. मोठ्या घरच्या मंडळींना मात्र याचं कौतुक त्याआधीच सुरू झालं होतं. फ्रान्सच्या मारी आंत्वानेत राणीने 1783 पासून व्हर्सायच्या बागेत गवती छपरांचं एक हौशी खेडंच वसवून घेतलं. इंग्लंडात रीजंट स्ट्रीट आखणाऱ्या जॉन नॅशने 1811 च्या सुमारास ब्रिस्टलजवळ ब्लेझ हॅम्लेट नावाची नऊ घरांची वाडी बांधली. एका सावकार जमीनदाराच्या म्हाताऱ्या झालेल्या नोकरांसाठी ही घरं होती. एकासारखं दुसरं नाही, आणि काहींवर मुद्दाम गवत. नोकरांनी तिथे राहायचं आणि मालकाच्या पाहुण्यांना रम्य दिसायचं. गवत रम्य असतं हा शोध नेहमी कौलाखाली झोपणाऱ्यालाच लागतो.

आता गाडी त्याच्याही पुढे गेली आहे. नुसतं गवती घर कोणाकडेही असतं. खरी ऐट आहे ती ज्यात माणूस कधी राहिलाच नव्हता अशा इमारतीची. मळणीचं कोठार, कडब्याची माडी, वासरांची खोली, डुकरांचं खुराडं, यांचं पुढे कॉटेज होतं आणि दारावरच्या पाटीवर जुनं नाव अभिमानाने कायम राहतं. आपल्याकडे बंगल्याला 'मातृछाया' नाव देणारा गृहस्थ 'जुना गोठा' अशी पाटी लावील का? सोयरीक जुळायची नाही.

माझी मुलगी नोकरीनिमित्त ब्रिस्टलला असते. आम्ही दोघं तिच्याकडे गेलो तेव्हा तिने सुट्टीत डेव्हनमधलं असं एक कॉटेज भाड्याने घेतलं होतं. गाडीतून उतरल्यावर हिने छपराकडे पाहिलं, भिंतीला हात लावून पाहिला आणि विचारलं, "मूळचं काय होतं गं हे?"

"गोठा होता आई. सतराव्या शतकातला."

"आणि पैसे आपण त्यांना द्यायचे?"

ही कुडाळकडची. आत शिरून तिने खालची जागा पाहिली, वरचा माळा पाहिला, आणि आनंदाने म्हणाली, "अगो, ह्यो तर आमचो मांगर!" आणि ते अक्षरशः खरं होतं. डेव्हनात या इमारतीला लिन्नी म्हणतात. मागे आणि बाजूला जाड भिंती, समोरची बाजू अंगणाकडे उघडी, फक्त खांबांवर तोललेली. खाली गुरं, वर वैरण. वैरण वरून खाली ढकलली की थेट गव्हाणीत. वारा खेळता राहिला तर गवत कुजत नाही म्हणून समोरून मोकळं. या मोकळ्या बाजूला आता काच बसवली होती आणि गव्हाणीत पुस्तकं मांडली होती. भिंतीत गुरं बांधायची लोखंडी कडी तशीच होती. मी तिला छत्री अडकवली.

भिंती मातीच्या. चिकणमातीत गव्हाचं काड आणि पाणी घालून गुरांनी नाहीतर माणसांनी तुडवायचं, आणि थरावर थर रचत, प्रत्येक थर वाळू देत भिंत चढवायची. याला तिकडे कॉब म्हणतात. दोन फुटांहून जाड भिंत. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. डेव्हनची म्हातारी माणसं सांगतात की या भिंतीला फक्त चांगली टोपी आणि चांगले बूट पाहिजेत. टोपी म्हणजे पुढे आलेलं छप्पर, बूट म्हणजे दगडी जोतं. एवढं दिलं की ती कित्येक पिढ्या उभी राहते. विसाव्या शतकात काही शहाण्यांनी मजबुतीसाठी तिला सिमेंटचा गिलावा केला. मातीत शिरलेला ओलावा बाहेर पडेना, भिंत आतल्या आत भिजत राहिली आणि बऱ्याच ठिकाणी एक दिवस बसली. आता तेच सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा करण्याचे दाम वेगळे मोजावे लागतात. शेणाने सारवलेल्या भिंतीवर ऑइल पेंट चढवणारे आपल्याकडेही कमी नाहीत, तेव्हा फार हसू नये.

पण खरी बघण्यासारखी गोष्ट वर होती. आपल्या कोकणात शाकारणी हे वैशाखातलं वार्षिक काम. गवत नाहीतर भाताचा पेंढा, काठ्या, सुंभ, शेजारचे चार हात. मिरगाच्या आत घर झाकून व्हायचं. चार महिन्यांत 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस अंगावर घेणारं ते पातळ छप्पर, वर्ष-दोन वर्षांत दमायचंच. इंग्रजांचं छप्पर जाड. नव्या थराचीच जाडी फूटभर, आणि उतार चांगला 50 अंशांचा. थेंब एका काडीच्या टोकावरून खालच्या काडीच्या टोकावर असा घसरत वळचणीला येतो. वरचा इंचभर भिजतो, आत सगळं कोरडंठाक. पन्हळ नसते. पावसात घराच्या चारी बाजूंनी पागोळ्या गळतात आणि दारातून बाहेर पडणाऱ्याच्या मानेत हटकून एक थेंब पडतो.

छपराच्याही तिकडे जाती आहेत आणि जातींत भांडणं आहेत. नॉरफोकच्या पाणथळीतला बोरू सर्वांत टिकाऊ, 50 वर्षं सहज जातात. डेव्हनात विंचरलेलं गव्हाचं काड, सगळ्या काड्यांचे बुडखे एका बाजूला करून लावलेलं; साधारण 25 ते 35 वर्षं. पूर्वेकडे आणि मध्य इंग्लंडात न विंचरलेलं लांब काड, दिसायला थोडं विस्कटलेलं, 15 ते 25 वर्षांचं. आढ्यावरची पट्टी कुठल्याही छपरावर 10-15 वर्षांनी बदलावीच लागते. आता मालक म्हणतो, मला टिकाऊ बोरूच हवा. जुन्या वास्तूंचा अधिकारी म्हणतो, या गावात शतकानुशतकं काडच होतं, तुम्हाला काडच घालावं लागेल. शाकारणारा आपलं तिसरंच मत देतो. ही भांडणं वकिलांपर्यंत जातात. मौज अशी, की त्या अस्सल इंग्रजी छपराचा बराचसा बोरू आता तुर्कस्तानातून, पूर्व युरोपातून, अगदी चीनमधूनही बोटीने येतो. त्याबद्दल तक्रार करणाऱ्याने आपल्या देव्हाऱ्यासमोरची दिव्यांची माळ कुठून आली ते आधी पाहावं.

काडाची गोष्ट आणखी गमतीची. हरितक्रांतीत गव्हाचा ताटवा बुटका झाला. नॉर्मन बोरलॉगच्या बुटक्या मेक्सिकन वाणांनी आपली पोटं भरली हे खरं, पण छपराला लांब, कणखर, आतून पोकळ काडी लागते, आणि ती या वाणांत नाही. शिवाय कंबाइन हार्वेस्टर काडाचा चुरा करून टाकतो. म्हणून आज इंग्लंडात काही शेतकरी धान्यासाठी नव्हे, छपरासाठी गहू पेरतात. त्यांचा आवडता वाण मारिस विजन. 1964 साली केंब्रिजच्या पैदास केंद्रातून बाहेर पडलेला, पिठाच्या हिशेबात केव्हाच निवृत्त झालेला. मारिस हे नाव त्या केंद्राजवळच्या गल्लीचं. इंग्रज ज्याच्या फिंगर चिप्सवर जीव टाकतो तो मारिस पायपर बटाटाही त्याच गल्लीचा! हा गहू थोडा हिरवट असतानाच, पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या, सुट्या भागांसाठी भंगारबाजार धुंडाळायला लावणाऱ्या पेंढी-बांधणी यंत्राने कापायचा. शेतात पेंढ्या उभ्या करून वाळवायच्या, मग झोडून विंचरायच्या. दाणे पडतात ते वरकड उत्पन्न. आमच्या सासुरवाडीला भात कापल्यावर पेंढ्याची वाटणी व्हायची तेव्हा दाण्यापेक्षा पेंढ्यावरून जास्त आवाज चढायचे. त्या मंडळींना हा शेतकरी लगेच समजला असता.

छप्पर नव्याने शाकारताना सगळं जुनं गवत उतरवत नाहीत. वरचा कुजका थर काढतात आणि खालच्या सुक्या थरावरच नवा बसवतात. खालचं खालीच राहतं. डेव्हनात आणि आसपास अशी काही जुनी घरं आहेत, जिथला सगळ्यात आतला थर मध्ययुगातला आहे. तेव्हा घराला धुराडं नसे. मधोमध चूल पेटायची आणि धूर छपरातून मिळेल ती वाट काढायचा. त्या धुराने तळचं गवत काळंकुळकुळीत झालं आणि त्यानेच ते टिकलंही. 1990 च्या दशकात जॉन लेट्स या वनस्पती-पुरातत्त्वाच्या अभ्यासकाने अशी छपरं चाळून पाहिली. त्यात त्याला पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीचा गहू, रायधान्य आणि शेतातलं तण ओंब्यांसकट सापडलं. मग असलाच उंच, सरमिसळ गहू त्याने पुन्हा पेरला आणि त्याच्या पिठाचा पावही झाला. एखाद्या राजाच्या कोठारात सापडू नये ते गरिबाच्या छपरात सापडलं, कारण कोठार लोक रिकामं करतात, छपराकडे ते गळेपर्यंत कोणी बघत नाही.

गोठ्याची गोष्ट ही, तर मळणीच्या मोठ्या कोठारांची त्याहून मोठी. या कोठारांना समोरासमोर दोन उंच दारं असतात. भरलेली गाडी एका दारातून आत येई, पेंढ्या दोन्ही बाजूंना रचल्या जात, रिकामी गाडी दुसऱ्या दारातून बाहेर. मधली जागा म्हणजे खळं. आपण खळं उघड्यावर करतो, कारण कापणीनंतर आपलं आभाळ निरभ्र असतं. इंग्रजाला ती चैन नाही. त्याने खळ्यावर छप्पर घातलं आणि हिवाळाभर आत बसून दांड्याने गहू झोडला. आपल्याकडे वावडीवर उभं राहून सूप वाऱ्याला धरतात. त्याने दोन्ही दारं उघडली आणि वारा आत बोलावला. उंच टोकाशी भिंतीत एक भोक ठेवलं, घुबडाला यायला-जायला. घुबडाने उंदीर खायचे, मालकाने गहू. धान्याची कोठी तर दगडी भूछत्र्यांवर उभी करत, म्हणजे उंदराला वर चढता येऊ नये. ते दगड आता बंगल्यांच्या फाटकाशी ओळीने मांडलेले दिसतात. उंदीर अडवणारे दगड हल्ली शेजाऱ्यांच्या मोटारी अडवतात.

1786 साली स्कॉटलंडच्या अँड्र्यू मीकलने मळणीचं यंत्र काढलं आणि या इमारतींचं नशीब फिरलं. मजुरांचं हिवाळ्यातलं पोट त्या दांड्यावर होतं. 1830 मध्ये केंटपासून सुरुवात करून त्यांनी दक्षिण इंग्लंडभर यंत्रं फोडली. काहींना फाशी झाली, शेकडोंना जहाजात घालून ऑस्ट्रेलियाला पाठवलं. यंत्रं मात्र राहिली. कोठार मागे मागे पडत गेलं. आधी तिथे लोकर कातरली, मग अवजारं ठेवली, मग ट्रॅक्टर आला. मग ट्रॅक्टर इतका फुगला की दारातून आत जाईना. शेवटी पत्र्याच्या भव्य शेडा उभ्या राहिल्या आणि जुनं कोठार रिकामं झालं.

टॉमस हार्डी हा स्वतः डॉर्सेटमध्ये माती-गवताच्या घरात जन्मला. 1874 च्या 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' या कादंबरीत त्याने एका जुन्या कोठाराचं फार मोठ्या मनाने वर्णन केलं आहे. त्याचं म्हणणं असं, की त्याच काळातली चर्च आणि किल्ले ज्या कारणासाठी बांधले ती कारणं विरली, पण कोठार ज्यासाठी बांधलं त्याच कामाला अजून येतं आहे. हे वाचून मला नेहमी बरं वाटायचं. आता पाहिलं तर डॉर्सेटमधल्या चर्चमध्ये रविवारी निदान पाच-सात म्हाताऱ्या तरी असतात, आणि किल्ला पाहायला तिकीट आहे. धंदा बदलावा लागला तो कोठारालाच. त्याच डॉर्सेटमध्ये ॲबट्सबरीला 1400 च्या सुमारास मठवासीयांनी बांधलेलं 272 फूट लांबीचं कोठार आहे. त्याच्या अर्ध्या भागावर आज छप्परच नाही, उरलेल्यावर गवत आहे, आणि तिथे शाळकरी मुलांना शेळ्या दाखवतात. विल्टशरमधल्या टिसबरीचं कोठार शाफ्ट्सबरीच्या जोगिणींच्या मठाचं. लांबी 200 फुटांच्या आसपास, आणि इंग्लंडातल्या सर्वांत मोठ्या गवती छपरांत त्याची गणना. शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा काही हिस्सा त्यात जाऊन पडायचा. काही वर्षांपूर्वी तिथे आधुनिक कलेचं दालन झालं. पूर्वी तिथे जे पडे ते काय आहे हे सगळ्यांना कळायचं. एवढाच फरक.

असल्या इमारतीला हात लावायचा म्हणजे काय दिव्य असतं ते मुलीने आम्हाला समजावून सांगितलं. 1947 च्या नगररचना कायद्याने जुन्या वास्तूंची सरकारी यादी सुरू झाली. 1700 च्या आधीची आणि बऱ्यापैकी मूळ रूपात उरलेली इमारत त्या यादीत जवळजवळ हमखास. यादीत नाव गेलं की बाहेरचं छप्पर आणि आतली गव्हाण दोन्ही कायद्याच्या कक्षेत. आवारातलं 1 जुलै 1948 पूर्वीचं खुराडंसुद्धा. विनापरवाना एक वासा काढला तर तो दंडनीय गुन्हा. मग 1981 चा वन्यजीव कायदा. वटवाघळांच्या वस्तीला धक्का लावायचा नाही, आणि वटवाघळं बाहेरगावी गेली असली तरी त्यांची जागा राखीव. काम काढण्याआधी तज्ज्ञ येऊन संध्याकाळी खुर्ची टाकून बसतो आणि आत-बाहेर करणारी वटवाघळं मोजतो. कोठारी घुबड घरटं करून असेल तर काम थांबलंच.

रात्री माळ्यावर खुडबुड ऐकून हिने विचारलं, "उंदीर?"

"वटवाघळं आहेत आई. त्यांना उठवायला परवानगी लागते."

"आणि आपल्याला झोपायला?"

"आपली मी आधीच काढली आहे."

दुसरी अडचण दिव्याची. भिंतीवर सूचनांचा कागद होता: मेणबत्ती लावू नये, फटाके उडवू नयेत, आकाशकंदील सोडू नयेत, अंगणात शेगडी पेटवू नये. हिने पर्समधून निरांजन काढलं होतं ते परत पर्समध्ये गेलं. मुलीने बॅटरीवरचा दिवा लावला आणि हिने त्याला तोंड वाकडं करून नमस्कार केला. मग मुलीने खोलीतली लोखंडी शेगडी पेटवली. दोन मोठे ओंडके, धडाडून जाळ. धुराडं वर थेट गवतातून गेलेलं. "हे चालतं?" ही म्हणाली. "याचं दर वर्षी धुराडं साफ केल्याचं प्रमाणपत्र असतं," मुलगी म्हणाली. प्रमाणपत्रापुढे निरांजनाचं काय चालणार!

भीती मात्र खोटी नाही. मोठ्या आगीनंतर लंडनने 1212 मध्येच नव्या गवती छपरांना मनाई केली. पण शहराबाहेर, थेम्सच्या पलीकडे, शेक्सपिअरच्या ग्लोब नाटकगृहावर गवतच होतं. 29 जून 1613 ला आठव्या हेन्रीवरचं नाटक चालू असताना राजाच्या आगमनाची तोफ उडवली, ठिणगी छपरात गेली आणि नाटकगृह तासा-दोन तासांत राख झालं. माणसं सगळी वाचली. एका गृहस्थाची विजार पेटली, ती कोणीतरी बाटलीतली बिअर ओतून विझवली, असं तेव्हाच्या एका पत्रात नमूद आहे. 1997 मध्ये नवं ग्लोब उघडलं तेव्हा 1666 च्या महाआगीनंतर लंडनला प्रथमच गवती छप्पर मिळालं, छपरावर पाण्याच्या फवाऱ्यांच्या तोट्या लावून.

तर एवढ्या सगळ्या उपद्व्यापानंतर गोठ्याचं कॉटेज होतं. ते व्हावं का? शुद्धतावादी म्हणतात, कोठाराची सगळी शान त्याच्या रिकामेपणात. जमिनीपासून आढ्यापर्यंत एकसंध पोकळी, वर सुताराने कोरलेल्या खुणांचे वासे. तिथे तीन बेडरूम आणि चार न्हाणीघरं कोंबली की राहतं काय? म्हणणं खरं आहे. मी काही अशीही कोठारं पाहिली, ज्यांना आत गेल्यावर नव्या फ्लॅटची कळा आली होती आणि पापक्षालन म्हणून भिंतीवर बैलगाडीचं, म्हणजे घोडागाडीचं, चाक टांगलं होतं. ज्याला चाक टांगावं लागतं त्याने गाडीचं दार बुजवलं आहे असं खुशाल समजावं. पण आमच्यासारखी लिन्नी, जिने उघडी बाजू काच लावून का होईना उघडी ठेवली, माळा माळाच ठेवला आणि कडी काढली नाही, तिला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. छपराखाली कोणी झोपत असेल तर वर बघायला कोणी असतं. डेव्हनच्या वाटांवर तसलीच ओसाड मातीची दांडगी भिंत दिसते, टोपी उडालेली, पावसात विरघळत चाललेली. दोन्हीपैकी मी कॉटेज निवडीन. भाडं जास्त आहे हे मान्य.

आमच्या हिचं मत वेगळं. तिचं म्हणणं, गोठ्याला गुरंच पाहिजेत आणि बाकी सगळं सोंग. पण सकाळी ती त्याच काचेशी चहा घेऊन बसायची आणि कोणी बोलावलं तरी उठायची नाही.

आपल्याकडेही पाणी आता आढ्याकडे निघालं आहे. समुद्रकाठच्या रिसॉर्टात सिमेंटच्या स्लॅबवर गवत अंथरून झोपडी करतात, आत एसी लावतात, आणि हल्ली तर ते गवतही प्लॅस्टिकचं असतं. न कुजणारं, न शाकारावं लागणारं. त्याच गावात खऱ्या मांगरावरचा पेंढा उतरवून पत्रा ठोकणं चालू असतं. पत्रा ठोकणाऱ्याला मी दोष देत नाही. दर वैशाखात माणसं कुठून आणायची? मुलं मुंबईला, आणि वय झालेल्या शाकारणाऱ्याचे गुडघे शिडी चढू देत नाहीत. डेव्हनात निदान तरुण मुलं ही विद्या शिकताना दिसतात, कारण तिला दाम आहे आणि मागणी आहे.

तेव्हा ज्यांच्या परड्यात अजून शाकारलेला मांगर उभा आहे त्यांना एक विनंती. यंदा पत्रा आणण्याआधी त्या म्हाताऱ्याला एकदा अंगणात खुर्ची देऊन बसवा, शिडीवर घरातलाच एखादा तरणा पोर चढवा, आणि त्याला खालून ओरडून शिकवू द्या. एवढं एक वर्ष करून बघा. पत्र्याचं दुकान काही पळून जात नाही.